परक्याच्या रानात

भारतीय तरुणांसाठी ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये एक नवा व्हिसा खुला केला. वर्षाला एक हजार मुलामुलींनी यावे, वर्षभर देश बघावा, मिळेल ते काम करून खर्च भागवावा आणि परतावे, अशी ती सोय. मुक्काम आणखी एका वर्षाने वाढवायचा असेल तर नेमून दिलेल्या कामांवर काही महिने राबावे लागते, आणि त्यात फळबागांचे, शेतीचे काम येते. परदेशात शिकणारी आपली काही मुले सुट्टीत हेच करतात. ज्या घरात दोन पिढ्यांत कुणी खुरपे धरले नाही, त्या घरातला मुलगा दिवसभर सफरचंदे तोडून रात्री आईला फोन करतो. आई बोटांना काय लावायचे ते सांगते. वडील मात्र सोसायटीच्या जिन्यात कुणी विचारलेच तर मुलगा प्रोजेक्टवर आहे असे सांगून वर चढतात.

या वडिलांना एका वर्धेकराची हकीकत ठाऊक असायला हवी. ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म वर्ध्याचा, १८८० च्या दशकातला. वडील अर्जनवीस होते. आजच्या वाचकाला हा शब्द कदाचित समजावून सांगावा लागेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची गाऱ्हाणी कचेरीच्या भाषेत कागदावर उतरवून देणारा माणूस म्हणजे अर्जनवीस. सावकाराच्या व्याजात रुतलेला कुणबी, बांध कोरला म्हणून भांडणारे भाऊ, सारा माफ व्हावा म्हणून हात जोडणारी विधवा, अशी माणसे त्याच्यासमोर येऊन बसत. घरात येणारे चार पैसे शेतकऱ्याच्या दुःखाच्या शब्दांकनातून येत असत, असे म्हटले तर चुकणार नाही.

मुलूख कापसाचा. हिंगणघाटचा कापूस तेव्हा विलायतेच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. आणि याच मध्य प्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ कोसळले. गाठी बांधून रेल्वेने माल मुंबईकडे जात होता आणि रेल्वेच्या दोन्ही अंगांना माणसे भाकरीवाचून मरत होती. पांडुरंग तेव्हा शाळकरी वयाचा होता. पुढच्या शिक्षणासाठी तो नागपूरला आला आणि त्या काळच्या शेकडो मुलांप्रमाणे टिळकांच्या विचाराने भारून गेला. डोक्यात एकच घेतले. इंग्रजाला घालवायचे तर बंदूक हवी, आणि बंदूक चालवायला इथे कुणी शिकवणार नाही. तेव्हा बाहेर जायचे.

१९०६ च्या आसपास फ्रेंच कंपनीच्या बोटीने तो निघाला. जपानमध्ये काही काळ काढून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागला. सॅन फ्रान्सिस्को शहर १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले होते आणि नव्याने उभे राहत होते. कामाला माणसे हवी होती, पण माणसांत गोऱ्यांचा नंबर पहिला. खानखोज्यांनी शेतकीच्या अभ्यासक्रमात नाव घातले आणि थोड्याच दिवसांत सॅन राफेलच्या माउंट टॅमलपायस लष्करी शाळेत प्रवेश मिळवला. मनात कवायत होती, कागदावर शेती. पुढे ऑरेगनमधल्या कॉर्व्हालिसच्या कृषी महाविद्यालयात आणि नंतर वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात ते शेतकीच शिकले, आणि १९१३ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडले.

या सगळ्याला पैसा कुठून आला? वर्ध्याचा अर्जनवीस डॉलर पाठवणार नव्हता. मिळेल ते काम करावे, भांडी घासावीत आणि सुट्टी लागली की शेतांवर जावे, हा तेव्हाच्या गरीब हिंदी विद्यार्थ्याचा ठरलेला मार्ग. खानखोजे त्याच मार्गाने गेले. त्यांच्या आयुष्यातला हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो, कारण पुढे क्रांती आहे, इराणचे रण आहे, मेक्सिको आहे. मला मात्र हाच भाग कळीचा वाटतो. म्हणून जरा थांबून तो पाहू.

कॅलिफोर्नियात, ऑरेगनमध्ये त्या वर्षांत जो हिंदी मजूर दिसे, तो बहुतेक पंजाबी. जालंधर, होशियारपूरकडचा शेतकरी, बऱ्याचदा पलटणीतून सुटलेला शिपाई. यातले कित्येकजण कॅनडामार्गे खाली उतरलेले. शीख असो, मुसलमान असो, अमेरिकन माणूस त्या सगळ्यांना सरसकट हिंदू म्हणत असे. उत्तरेकडे ते लाकडाच्या गिरण्यांत राबत आणि दक्षिणेकडे रानात. फ्रेस्नोकडे द्राक्षे, स्टॉकटनच्या सखल भागात बटाटा, सेलरी, अ‍ॅस्परॅगस, आणखी कुठे साखरेचे बीट. हंगाम संपला की पाठीवर स्वतःची घोंगडी टाकायची आणि पुढच्या गावाला निघायचे. मालक अंथरूण देत नसे. बहुधा झोपायला धान्याचे कोठार नाहीतर झाडाखालची जागा मिळे.

बीटचे काम विशेष जीवघेणे. बीटचे बी म्हणजे चारदोन बियांचा गड्डा, त्यामुळे एका जागी अनेक रोपे उगवतात. त्यातले एक ठेवून बाकीची काढायची, नाहीतर कंद पोसत नाही. यासाठी हातभर दांड्याचे खुरपे देत. लांब दांड्याचे का नाही, तर मजूर ओणवा राहिला की रोप जवळून दिसते, आणि जो सरळ उभा राहिला तो काम करीत नाही हे मुकादमाला लांबूनच कळते! आपल्याकडच्या बाया निंदण करतात ते बसून. तिथे बसायला सवड नव्हती, मैलभर लांब ओळ कमरेत वाकूनच संपवायची. या आखूड खुरप्याने मजुरांच्या तीन-चार पिढ्यांच्या पाठी मोडल्या आणि कॅलिफोर्नियात त्यावर बंदी आली ती १९७५ मध्ये. स्टॉकटनच्या बाजूची जमीन कुजलेल्या पालापाचोळ्याची, काळी, भुसभुशीत. तिची धूळ घामावर बसली की अंगाला आग लागल्यासारखी खाज सुटे.

मजुरी दिवसाला दीड-दोन डॉलर, आणि शेजारच्या गोऱ्याला त्याच कामाचे जास्त. टोळीचा एक म्होरक्या असे. थोडे इंग्रजी येणारा माणूस मालकाशी बोली करी, हिशेब ठेवी. इथे विद्यार्थ्याची किंमत वाढे. तो पत्रे वाचून दाखवी, मनीऑर्डरीचा फॉर्म भरी, मालकाने दहा तास मांडले की बारा ते तपासून सांगे. अर्जनविसाचा मुलगा सात समुद्रांपलीकडे पुन्हा अर्जनवीसच झाला, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मनीऑर्डरी जात त्या मुख्यतः गहाण जमिनी सोडवायला. मी बँकेत असताना बरीच वर्षे शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. घरातली दोन माणसे लांब पाठवायची आणि त्यांच्या घामावर सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायचा, हा हिशेब मी बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे, की पंजाबी शेतकऱ्याने तो कसा मांडला असेल हे मला वेगळे सांगावे लागत नाही. फरक एवढाच की ऊसतोडीचा माणूस दिवाळीनंतर जातो आणि पाऊस यायच्या आत घरी परततो. यांच्या परतण्याला वर्षे लागत आणि काहीजण परतलेच नाहीत.

कामगारांची अवस्था किती टोकाला गेली होती हे १९१३ च्या ऑगस्टमध्ये व्हीटलंड या गावी जगाला दिसले. बिअरमध्ये घालायच्या हॉपची फळे तोडायला तिथे एका मळ्यावर दोन हजारांहून जास्त माणसे गोळा झाली होती, त्यात हिंदी मजूरही होते. रणरणत्या उन्हात रानात पिण्याचे पाणी नव्हते आणि मालकाच्या नात्यातलाच एकजण पाच सेंटला पेलाभर सरबत विकत होता. संप झाला, गोळीबार झाला, चार माणसे मेली. त्याआधी १९०७ च्या सप्टेंबरात उत्तरेला बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने हिंदी गिरणी-कामगारांना रातोरात हुसकून लावले होते.

अशा ठिकाणी वर्ध्याचा ब्राह्मण आणि होशियारपूरचा जाट एका पातेल्यातले खात होते. देशात दोघांची गाठ पडण्याचे कारण नव्हते, पडती तर एकमेकांची भाषा कळली नसती. पुढे पंधराएक वर्षांनी बिहारचा आणखी एक तरुण याच मुलखात आला. कॉलेजचे सत्र सुरू व्हायला वेळ होता म्हणून १९२२ च्या शरद ऋतूत मेरिसव्हिलच्या बाजूला एका पठाण म्होरक्याच्या टोळीत द्राक्षे वाळवण्याच्या कामाला लागला. त्याचे नाव जयप्रकाश नारायण. आपले दोन राजकीय पुढारी कॅलिफोर्नियाच्या बेदाण्यावर पोसले गेले, असे गमतीने म्हणता येईल. गंभीरपणे म्हणायचे तर हिंदुस्थान नावाची वस्तू काय आहे हे दोघांनाही परक्याच्या रानात समजले.

खानखोजे बंदूक शिकायला आले होते, आणि बंदूक चालवू शकणारी माणसे त्यांना बीटच्या वाफ्यात सापडली. पलटणीतले हे शिपाई इंग्रजासाठी लढून आलेले, इंग्रजाचेच प्रजाजन, आणि तरी बेलिंगहॅमला मार खाताना इंग्रज सरकार त्यांच्या बाजूने उभे राहिले नव्हते. राग तयार होता, त्याला तोंड हवे होते. खानखोज्यांसारखे विद्यार्थी आणि सोहनसिंग भकनांसारखे कामगार यांनी मिळून पोर्टलंड, अ‍ॅस्टोरियाच्या बैठकांतून १९१३ मध्ये जी संघटना उभी केली तीच गदर पार्टी. भकना अध्यक्ष झाले, लाला हरदयाळ लेखणी चालवू लागले आणि लष्करी तयारीचे अंग खानखोज्यांकडे आले. त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर' साप्ताहिक निघाले.

छापखान्याचा, कागदाचा, टपालाचा खर्च कुणी केला? कुणा राजाने नाही, कुणा गिरणीमालकाने नाही. दिवसाला दीड डॉलर मिळवणाऱ्यांनी केला. स्टॉकटनजवळ बटाट्याची मोठी शेती खंडाने करणारे ज्वालासिंग यांनी तर १९१२ मध्ये हिंदी विद्यार्थ्यांना बर्कलेला शिकता यावे म्हणून शिष्यवृत्त्याही दिल्या. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशाची मोजदाद केली. मोठ्या रकमा मोजताना हात थरथरत नाही. असली वर्गणी मोजणाऱ्याचा थरथरला असेल.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि हे लोक बोटी भरभरून देशाकडे निघाले. बंड फसले. कर्तारसिंग सराभा हा बर्कलेचा विद्यार्थी, फळबागांत राबलेला, वय वर्षे एकोणीस. विष्णू गणेश पिंगळे तळेगाव ढमढेऱ्याचा, खानखोज्यांसारखाच अमेरिकेत शिकायला गेलेला मराठी मुलगा. दोघांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला एकाच दिवशी फाशी झाली. खानखोजे वाचले ते दुसऱ्या वाटेने गेल्यामुळे. इस्तंबूलमार्गे इराणात शिरून बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानात उतरायचा त्यांचा बेत होता. वेषांतरे झाली, टोळ्यांच्या साथीने इंग्रजांशी झुंजी झाल्या, ते जखमी झाले, पकडले गेले, निसटले. ही कथा कादंबरीला शोभेल अशी आहे आणि मी कादंबरीकार असूनही ती इथेच सोडतो, कारण तिच्या शेवटी हाती काही लागले नाही. युद्ध संपले तेव्हा इंग्रज होता तिथेच होता. खानखोजे बर्लिनला आले, १९२१ मध्ये हिंदी क्रांतिकारकांबरोबर मॉस्कोला जाऊन आले. देश बंद, अमेरिका बंद, युरोपात केव्हा हाकलतील त्याचा नेम नाही. चाळिशी आली. मित्र फासावर गेलेले. हातात काय उरले, तर शेती.

पश्चिम किनाऱ्यावरच्या दिवसांत मेक्सिकोतल्या क्रांतिकारकांशी त्यांची मैत्री जमली होती. मेक्सिकोत १९१० पासून दहा वर्षे जी उलथापालथ झाली तिच्या मुळाशी जमिनीचाच प्रश्न होता. १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत पोचले आणि राजधानीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. ही जागा पूर्वी एका राष्ट्राध्यक्षाची जहागीर होती. जिथे कुळे राबली, तिथे आता कुळांची मुले शिकू लागली होती. स्पॅनिश त्यांनी तिथेच आपलीशी केली.

त्यांचे मुख्य पीक मका. मेक्सिको हे मक्याचे माहेर, आणि तेओसिंते नावाचे एक रानटी गवत मक्याचे पूर्वज. खानखोज्यांनी या गवताचा आणि मक्याचा संकर केला, नव्या जाती काढल्या आणि १९३० मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. गहू, डाळी, रबर यांवरही त्यांनी काम केले. थंडीच्या कडाक्यात आणि पावसाने दगा दिल्यावर तग धरतील असे वाण शोधणे हा त्यांचा ध्यास होता. दुष्काळातल्या वर्ध्याहून आलेल्या माणसाने दुसरे काय शोधावे?

पण वाणांपेक्षा मला त्यांच्या मोफत शेतकी शाळा मोठ्या वाटतात. १९२८ च्या सुमारास त्यांनी त्या सुरू केल्या. फी नाही, प्रवेशासाठी दाखले नाहीत. गावातला निरक्षर शेतकरी दिवसाचे काम आटोपून यावा, बी कसे निवडायचे, खत कसे करायचे हे त्याच्याच मातीत हात घालून त्याला दाखवावे. एका शाळेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो सापाता याचे नाव दिले होते. प्राध्यापक मंडळी गावात जातात ती बहुधा भाषण करायला. हा प्राध्यापक मजुराच्या शेजारी वाकून काम करू शकत होता, कारण ते त्याला विद्यापीठाने नव्हे, आखूड खुरप्याने शिकवले होते.

तिना मोदोत्ती ही इटालियन छायाचित्रकार तेव्हा मेक्सिकोत होती. तिने या शाळांची, कणसांची आणि खुद्द खानखोज्यांची छायाचित्रे काढली. ती आजही जगातल्या संग्रहांत आहेत. चित्रकार दिएगो रिवेराशीही त्यांची ओळख होती. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेराने १९२८ मध्ये आमची भाकरी अशा अर्थाच्या नावाचे भित्तिचित्र रंगवले. मेजाभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत आणि मध्यभागी एकजण भाकरी मोडून वाटतो आहे. तो भाकरी वाटणारा माणूस रिवेराने खानखोज्यांवरून काढला, असे मानले जाते. वर्ध्यात दुष्काळात भाकरी न मिळालेल्यांची गाऱ्हाणी लिहिणाऱ्याचा हा मुलगा.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केले. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. मुलींची नावे पाहिली की माणसाचा जीव कुठे अडकला होता ते कळते. पण त्यांचे नाव इंग्रजांच्या काळ्या यादीत होते, आणि खेदाची गोष्ट अशी की देश स्वतंत्र झाल्यावरही ती यादी लगेच फाडली गेली नाही. ज्या देशासाठी मित्र फासावर गेले त्या देशाच्या नव्या सरकारने त्यांना सुरुवातीला व्हिसा नाकारला. सरकारी दप्तरात जुना शेरा नव्या साहेबालाही हुकमासारखा वाटतो, हे मी जवळून पाहिले आहे. अखेर बंदी उठली. १९५० च्या दशकात ते नागपुरात स्थायिक झाले, देश सोडून जवळजवळ अर्धे शतक उलटल्यावर. रस्त्यात ओळखणारे फारसे कुणी नव्हते. मेक्सिकोत भिंतीवर रंगलेला माणूस नागपुरात भाजी घेताना दिसला तर कुणी वळून बघत नसे.

आता परिस्थिती थोडी सुधारली आहे. वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, मुलगी सावित्री सहानी यांचे इंग्रजी पुस्तक २००८ मध्ये आले. २०२२ च्या सप्टेंबरात चापिंगोच्या विद्यापीठात लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

नागपुरातल्या त्यांच्या शेवटच्या वर्षांत देश पुन्हा दुष्काळात होता. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि अमेरिकेहून गव्हाच्या बोटी येत होत्या. सरकारने तेव्हा गव्हाचे अठरा हजार टन बियाणे परदेशातून आणायचे ठरवले. ते आले मेक्सिकोहून. या जाती नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढवलेल्या, आणि १९४४ पासून त्यांचे जे काम चालले त्याचे एक ठिकाण चापिंगोच होते. १९६६ च्या रब्बीत ते बी पंजाबात पेरले गेले, गदरवाल्यांच्या जालंधर-होशियारपूरच्या मुलखात. २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे नागपुरात वारले, तेव्हा तो गहू शेतात हिरवा उभा होता.